शेजाऱ्याच्या पोर्चवरचा झेंडा: वारसा म्हणायचा की द्वेष?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक मराठी कुटुंब नुकतंच दक्षिण कॅरोलायनात राहायला गेलं. शेजारच्या पोर्चवर एक लाल झेंडा आहे, त्यावर निळी तिरपी फुली आणि फुलीत पांढरे तारे. शेजारी सत्तरीचे, स्वभावाने चांगले. सामान उतरवायला आपणहून आले, गवत कापायचं यंत्र वापरायला दिलं. झेंड्याबद्दल विचारल्यावर म्हणाले, "हा आमचा वारसा आहे, यात द्वेष कोणाचाच नाही." सातवीतल्या मुलाला मात्र शाळेतल्या कृष्णवर्णीय मित्राने उलट सांगितलं. आईवडील विचारतात, यात खरं कोणाचं मानायचं आणि शेजाऱ्यांशी वागायचं कसं?

मी इथल्या दक्षिणेतल्या संग्रहालयांमध्ये जुन्या कापडाच्या जतनाचं काम करते. गणवेश, गोधड्या, आणि झेंडे तर पुष्कळच. त्यामुळे हा झेंडा मला बहुतेक वेळा टेबलावर आडवा पसरलेला दिसतो, खांबावर नाही. कामाच्या सवयीने मी आधी अर्थ विचारत नाही. कापड कोणत्या वर्षाचं, कोणाच्या हातात होतं आणि कोणाला दाखवायला वर चढवलं, हे विचारते. या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की 'वारसा की द्वेष' हा वाद बराचसा निवळतो.

सुरुवात कापडापासूनच करू. गुलामगिरी टिकवण्यासाठी अमेरिकेतून फुटून निघालेल्या आणि उत्तरेशी यादवी युद्ध (१८६१ ते १८६५) लढलेल्या दक्षिणी राज्यांनी, म्हणजे कॉन्फेडरसीने, मार्च १८६१ मध्ये जो पहिला राष्ट्रध्वज घेतला तो हा नव्हे. त्यात तीन आडवे पट्टे होते आणि कोपऱ्यात निळ्या चौकोनात ताऱ्यांचं वर्तुळ. लांबून तो अमेरिकेच्या झेंड्यासारखाच दिसे. २१ जुलै १८६१ ला मनॅसासच्या लढाईत धुरळ्यात आपले कोण आणि परके कोण हे कळेना, म्हणून कॉन्फेडरसीचे जनरल बोरगार्ड आणि जॉन्स्टन यांनी लढाईपुरता वेगळा झेंडा मागितला. विल्यम पोर्चर माइल्स या दक्षिण कॅरोलायनाच्या प्रतिनिधीने केलेला एक नमुना तेव्हा पडून होता. राष्ट्रध्वज म्हणून तो आधी नाकारला गेला होता आणि कोणीतरी त्याला गॅलिसच्या जोडीची उपमा देऊन हसलंही होतं. पहिल्या विचारात त्यात उभी फुली होती. एका ज्यू नागरिकाने लिहून कळवलं की एकाच धर्माची खूण साऱ्या राष्ट्राच्या माथी मारू नका, तेव्हा ती तिरपी झाली. दुसऱ्याच्या भावनेचा इतका विचार त्यांना सुचत होता. तो कोणाकोणाच्या बाबतीत सुचत नव्हता, ते पुढे येईलच.

उत्तर व्हर्जिनियाच्या सैन्याला मिळालेले हे झेंडे चौकोनी असत. पायदळाचा साधारण चार फुटी, तोफखान्याचा तीन, घोडदळाचा अडीच. आधी रेशमी, नंतर लोकरी बंटिंगचे. त्यावर पलटणीचं नाव आणि लढायांची नावं रंगवलेली असत. काहींना गोळ्यांची भोकं आहेत, काहींच्या कडांचे तुकडे लोकांनी आठवण म्हणून कापून नेलेत. उत्तरेने युद्धात जिंकलेले असे झेंडे वॉशिंग्टनला जमा होते. १८८७ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांनी ते परत करायचं ठरवलं, तेव्हा उत्तरेतल्या निवृत्त सैनिकांनी इतका गदारोळ केला की बेत सोडावा लागला. शेवटी १९०५ मध्ये ते राज्यांना परत मिळाले. हे कापड वारसा आहेच. ते मी हातमोजे घालून उचलते आणि त्याला अंधार, थंडावा लागतो.

तुमच्या शेजाऱ्यांचा झेंडा बहुधा आयताकृती असेल, नायलॉनचा, आणि त्यावर कोणत्याच पलटणीचं नाव नसेल. त्याचं जवळचं नातं कॉन्फेडरेट नौदलाच्या निशाणाशी आणि टेनेसीच्या सैन्याच्या झेंड्याशी. पण तो लोकांच्या घरांवर आणि ट्रकांवर चढला तो युद्धानंतर ऐंशीएक वर्षांनी. ते का, हे मी सांगतेच. आधी युद्ध कशासाठी होतं ते.

यात शंकेला जागा नाही, कारण करणाऱ्यांनीच लिहून ठेवलंय. जानेवारी १८६१ मध्ये मिसिसिपीने फुटून निघण्याची कारणं जाहीर केली. त्यात अगदी सुरुवातीलाच म्हटलंय की आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी, जगातल्या सर्वांत मोठ्या भौतिक हितसंबंधाशी, पूर्ण एकरूप आहे. मार्चमध्ये कॉन्फेडरसीचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीव्हन्स सव्हॅनात भर सभेत म्हणाले की नव्या सरकारची कोनशिला ही की निग्रो गोऱ्याच्या बरोबरीचा नाही आणि गुलामी ही त्याची नैसर्गिक अवस्था आहे. त्यांच्या राज्यघटनेत गुलामांवरच्या मालकीहक्काला बाधा आणणारा कायदा करायलाच बंदी होती. 'राज्यांच्या हक्कांसाठी युद्ध झालं' असं शेजारी म्हणाले, तर कोणत्या हक्कासाठी, एवढंच विचारावं. उत्तर या कागदांत आहे. आणि १८६३ मध्ये हा लढाईचा झेंडा पांढऱ्या राष्ट्रध्वजाच्या कोपऱ्यात बसवला गेला, तेव्हा सव्हॅनाच्या एका दैनिकाचे संपादक विल्यम थॉम्पसन यांनी पांढरा रंग का हवा तेही सांगून टाकलं: आपण गोऱ्या माणसाचं ईश्वरदत्त श्रेष्ठत्व राखायला लढतो आहोत.

मराठी वाचकाला हे युद्ध वाटतं तितकं परकं नाही. उत्तरेच्या नौदलाने दक्षिणेची बंदरं अडवली, लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून अडल्या आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. प्रेमचंद रायचंद यांचा शेअरबाजार, बॅक बेची भरणी, सगळी ती चार वर्षांची धुंदी. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि फुगा फुटला. पुढे १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. पुण्यात बसलेल्या माणसाला आठ वर्षांत त्या युद्धाचा मथितार्थ नेमका कळला होता.

आता शेजाऱ्यांच्या बाजूने. त्यांचे खापरपणजोबा गुलामांचे मालक नसतीलही. कॉन्फेडरेट राज्यांत तीनपैकी साधारण एका गोऱ्या कुटुंबाकडे गुलाम होते, दोघांकडे नव्हते. एप्रिल १८६२ पासून सक्तीची भरती सुरू झाली आणि त्याच ऑक्टोबरात नियम निघाला की वीस किंवा जास्त गुलाम असलेल्या मळ्यावर एका गोऱ्या माणसाला सूट मिळेल. गरीब शेतकरी तेव्हाच कुरकुरत होते की युद्ध श्रीमंताचं आणि मरायचं गरिबाने. असा एखादा अठरा वर्षांचा पोरगा व्हर्जिनियात हगवणीने मेला, त्याच्या वंशजांना त्याची आठवण ठेवावीशी वाटते, तर त्यात गैर काही नाही. त्याच्या मनात काय होतं ते आपण सांगू शकत नाही. तो ज्या झेंड्याखाली उभा होता तो कशासाठी होता, हे मात्र सांगू शकतो. लोकांची गल्लत इथे होते. खापरपणजोबांबद्दलचा जिव्हाळा खरा आहे, म्हणून झेंड्याचा हेतू धुऊन निघत नाही. आणि झेंड्याचा हेतू वाईट, म्हणून नातवाचा जिव्हाळा ढोंग ठरत नाही.

खुद्द कॉन्फेडरसीचे सेनापती जनरल रॉबर्ट ली यांना हा मोह नको होता. १८६९ मध्ये गेटिसबर्गच्या लढाईच्या स्मारकासाठी बोलावणं आलं, तेव्हा त्यांनी कळवलं की युद्धाच्या जखमा उघड्या ठेवू नयेत, यादवीच्या खुणा पुसणाऱ्या राष्ट्रांचा कित्ता गिरवावा. १८७० मध्ये ते वारले आणि वीस वर्षांत रिचमंडमध्ये त्यांचाच घोड्यावरचा भव्य पुतळा उभा राहिला. मधल्या काळात 'हरलेलं पण उदात्त ध्येय' अशी कथा रचली गेली होती. गुलाम सुखी होते, युद्ध स्वाभिमानाचं होतं, वगैरे. १८९४ मध्ये सैनिकांच्या लेकीबाळींची संघटना स्थापन झाली आणि तिने ही कथा पाठ्यपुस्तकांत, चौकांत, शाळांत रुजवली. तरी या काळात लढाईचा झेंडा मुख्यतः स्मृतिदिनाला, थडग्यांवर, निवृत्त सैनिकांच्या मेळाव्यांत दिसे. गोष्ट खोटी होती, पण झेंडा तिथवर बहुतांशी शोकाचा होता. मिसिसिपीने मात्र १८९४ मध्ये तो राज्यध्वजाच्या कोपऱ्यात घातला. त्याआधी चारच वर्षं तिथल्या नव्या राज्यघटनेने कृष्णवर्णीयांचा मतदानाचा हक्क व्यवहारात काढून घेतला होता.

आता १९४८. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांचं नागरी हक्कांचं धोरण नको म्हणून दक्षिणेतले डेमोक्रॅट फुटले, स्ट्रॉम थर्मंड यांना राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार केलं आणि सभांमध्ये हे झेंडे नाचू लागले. कॉलेजच्या फुटबॉल सामन्यांत आले, मग टॉवेलांवर, मोटारींवर. गंमत अशी की त्या लेकीबाळींच्या संघटनेनेच १९४८ मध्ये ठराव करून काही विद्यार्थ्यांच्या आणि राजकीय गटांच्या या वापराला विरोध केला. वारशाची राखण करणाऱ्यांनाच तो वारशाचा वापर वाटला नव्हता. पण कोंबडं झाकून उजाडायचं थांबत नाही. १९५४ मध्ये शाळांतलं वंशभेदी विभाजन सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरवलं. १९५६ मध्ये जॉर्जियाने आपला राज्यध्वज बदलून त्यात हा झेंडा घातला. १९६३ मध्ये देशाचे ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठातल्या प्रवेशाबद्दल बोलायला अलाबामात आले, त्याच दिवशी गव्हर्नर वॉलेस यांनी तो विधानभवनावर चढवला. या तारखा समोर ठेवल्या की मला फार वाद घालावा लागत नाही.

तुमच्या राज्याची कथा जरा सविस्तर सांगण्याजोगी आहे. एप्रिल १९६१ मध्ये, ज्या लढाईने यादवी युद्ध सुरू झालं त्या फोर्ट सम्टरच्या लढाईची शताब्दी चार्ल्सटनमध्ये साजरी व्हायची होती. न्यू जर्सीच्या शताब्दी समितीवर मॅडलिन विल्यम्स या कृष्णवर्णीय सदस्य होत्या. ठरलेलं हॉटेल त्यांना खोली देईना. राष्ट्राध्यक्ष केनेडींना मध्ये पडावं लागलं, आणि शेवटी सभा नौदलाच्या तळावर हलवली गेली. त्याच शताब्दीच्या निमित्ताने राज्याची राजधानी कोलंबियाच्या विधानभवनावर हा झेंडा चढला. १९६२ मध्ये विधिमंडळाने ठराव करून तो कायम केला. उतरवायची तारीख ठरावात नव्हती. शताब्दी संपली, झेंडा राहिला, २००० पर्यंत. मग आंदोलन आणि बहिष्कारानंतर तडजोड झाली: घुमटावरून काढून समोरच्या सैनिकांच्या स्मारकापाशी लावायचा, आणि पुढे हात लावायचा तर दोन तृतीयांश मतं हवीत.

१७ जून २०१५ ला चार्ल्सटनच्या इमॅन्युएल चर्चमध्ये एका गोऱ्या तरुणाने बायबलच्या वर्गात बसलेल्या नऊ कृष्णवर्णीयांना मारलं. त्यांत राज्याचे सिनेटर क्लेमेंटा पिंकनी होते. मारेकऱ्याचे याच झेंड्यासोबतचे फोटो बाहेर आले. विधानभवनावरचे राष्ट्राचे आणि राज्याचे झेंडे अर्ध्यावर आले. स्मारकाजवळचा हा झेंडा मात्र त्या कायद्यामुळे पूर्ण उंचीवर फडकत राहिला. ज्या राज्याचा तो 'वारसा' होता, त्याच राज्याचा आमदार मेला होता. २७ जूनला ब्री न्यूसम या तरुणीने खांबावर चढून तो काढला, तिला अटक झाली आणि झेंडा पुन्हा चढला. अखेर १० जुलैला तो कायदेशीरपणे उतरला आणि संग्रहालयात गेला. सही करणाऱ्या गव्हर्नर होत्या निकी हेली, पंजाबी शीख आईवडिलांची मुलगी. आदल्याच वर्षी निवडणुकीच्या वादसभेत त्यांनी म्हटलं होतं की कोणत्याही कंपनीच्या प्रमुखाने या झेंड्याबद्दल माझ्याकडे एक शब्द काढलेला नाही. म्हणजे नऊ माणसं जाईपर्यंत प्रश्न नव्हताच! ज्याचं जळतं त्याला कळतं, दुसरं काय. झेंडा उतरवण्याबद्दलच्या चर्चेतलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते पॉल थर्मंड यांचं भाषण. १९४८ च्या त्या उमेदवाराचा हा मुलगा सिनेटमध्ये म्हणाला की आपले पूर्वज माणसांना गुलाम ठेवण्यासाठी लढले आणि या वारशाचा मला अभिमान नाही. वारसा नाकारला नाही, अभिमान नाकारला.

नेहमीचा एक प्रतिप्रश्न असतो: १९२५ मध्ये कू क्लक्स क्लान या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेचे हजारो लोक वॉशिंग्टनमध्ये चालले ते अमेरिकेचा राष्ट्रध्वज घेऊन, मग तोही द्वेषाचाच का? मुद्दा चांगला आहे. पण त्या झेंड्याला दुसरे हातही लागलेत. जुलै १८६३ मध्ये चार्ल्सटनजवळच्याच फोर्ट वॅग्नरवर कृष्णवर्णीय सैनिकांची ५४वी मॅसॅच्युसेट्स पलटण चालून गेली. झेंडेवाला पडल्यावर व्हर्जिनियात गुलाम म्हणून जन्मलेल्या विल्यम कार्नी यांनी झेंडा उचलला, अनेक जखमा झाल्या तरी जमिनीला टेकू दिला नाही. १९०० मध्ये त्यांना सन्मानपदक मिळालं. सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय उत्तरेच्या सैन्यात त्या झेंड्याखाली लढले. आपला म्हणून भांडायला त्यांना जागा होती. लढाईच्या झेंड्यात ती जागा नाही. १८६० च्या जनगणनेत दक्षिण कॅरोलायनाच्या शंभर माणसांमागे सत्तावन्न गुलाम होती. 'दक्षिणेचा वारसा' म्हणायचं आणि त्यातून निम्म्याहून जास्त लोकांचे पूर्वज वगळायचे, हे मला हिशेबातच बसत नाही. तांदळाची शेती, स्वयंपाक, गाणं, चर्चमधला सूर, हे सगळं दक्षिणेचंच आहे आणि त्यात त्या सत्तावन्नांचा हात मोठा आहे.

उलट टोकाचाही एक विनोद आहे. जॉर्जियाने २००१ मध्ये तो १९५६ चा झेंडा काढला आणि २००३ पासून जो घेतला, तो म्हणजे कॉन्फेडरसीच्या पहिल्या राष्ट्रध्वजाचंच रूप: तीन पट्टे, ताऱ्यांचं वर्तुळ, मध्ये राज्याचं चिन्ह. इतिहासाने बघाल तर हा जास्त अस्सल कॉन्फेडरेट! पण १९६० च्या दशकात शाळेच्या दारात मुलांवर थुंकणाऱ्यांनी तो हातात धरला नव्हता, म्हणून तो बघून कोणाच्या पोटात गोळा येत नाही. खुणेचा अर्थ ती कोणी कोणासमोर वापरली यावर ठरतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

तुमच्या उंबरठ्यावरचं स्वस्तिक या चर्चेत येणारच, म्हणून सांगते. दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत. स्वस्तिक नाझींच्या फार आधीपासून दारात, वहीत, कलशावर आहे आणि आजही आहे; लढाईच्या झेंड्याला त्या युद्धाआधीचं आयुष्यच नाही. कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये द्वेषचिन्हांचा कायदा दुरुस्त करताना हिंदू, बौद्ध, जैनांचं स्वस्तिक वेगळं काढलं, ते योग्यच झालं. पण समोरच्या ज्यू आजींना तुमची रांगोळी बघून धस्स झालं, तर "आमचं पवित्र आहे, तुम्हाला वाईट वाटायचं कारण नाही" असं म्हणून दार लावू नका. ते वाक्य शेजाऱ्यांच्या वाक्याचं सख्खं भावंड आहे. दिवाळीच्या आधी जाऊन फराळ द्या, खूण काय आहे ते सांगा.

आता वागायचं कसं. कायद्याने शेजाऱ्यांना खासगी पोर्चवर झेंडा लावायचा हक्क आहे (वसाहतीच्या संघाचे नियम वेगळे असतील तर तेवढंच), आणि तो असावा असंच माझं मत आहे. सरकारी खांबाचं तसं नाही; तो कराच्या पैशाचा, सगळ्यांच्या नावाने बोलतो. थडग्यांवर स्मृतिदिनाला कोणी लहान झेंडा लावला तर मी त्याच्या मागे लागत नाही. काहीजण तिथे पलटणीचाच झेंडा लावतात, ते मला जास्त प्रामाणिक वाटतं. आणि संग्रहालयात तो हवाच, पण बाजूला मिसिसिपीचा तो कागद टांगलेला हवा.

शेजाऱ्यांना द्वेष्टे ठरवू नका. साप म्हणून भुई धोपटली तर हाती काही लागत नाही. त्यांना खापरपणजोबांचं नाव आणि पलटण विचारा. पुष्कळांना सांगता येत नाही. राष्ट्रीय उद्यान सेवेच्या संकेतस्थळावर दोन्ही बाजूंच्या सैनिकांची नावं शोधता येतात. मुलाला सोबत घेऊन शोधा, त्यांना आवडेल. मग केव्हातरी सांगा की माझ्या मुलाचा मित्र हा झेंडा असेल तर आमच्याकडे खेळायला यायला कचरतो. माझ्या ओळखीत असं ऐकून एकांनी पोर्चवरचा झेंडा काढला आणि घरात पणजोबांचा फोटो लावला. दुसऱ्यांनी आणखी मोठा आणला. दोन्ही होतं.

मुलाला मात्र मोघम काही सांगू नका. मित्राचं बरोबर आहे हे स्पष्ट सांगा, आणि शेजारचे आजोबा खोटं बोलत नाहीत, त्यांना शाळेत हेच शिकवलं गेलं, हेही सांगा. मिसिसिपीचा जाहीरनामा जेमतेम दोन पानांचा आहे, सातवीतल्या मुलाला तुमच्या मदतीने वाचता येईल. कोलंबियाला गेलात तर उतरवलेला झेंडा ज्या संग्रहालयाकडे दिला, तिथेही एक चक्कर मारा.